स्थलांतर आणि विकास: मास्टर्सला नेमकं काय शिकतात?

गरिबी हटली की लोक देश सोडून जायचे थांबतील, हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यात तपासण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. भाषणात हेच, टीव्हीवरच्या चर्चेत हेच, आणि मदत देणाऱ्या संस्थांच्या कागदपत्रांत तर हमखास हेच. आणि मायग्रेशन अँड डेव्हलपमेंट या विषयात मास्टर्सला बसलं की पहिल्या काही आठवड्यांतच या वाक्याला सुरुंग लागतो, कारण आकडे बरोबर उलटं सांगतात.

एखादा अगदी गरीब देश जरा सावरायला लागला, म्हणजे मुलं शाळेत टिकायला लागली, रस्ते झाले, फोन आले, हातात थोडा पैसा खेळायला लागला, की तिथून बाहेर जाणारे कमी नाही होत, वाढतात. मायकल क्लेमेन्स या अर्थतज्ज्ञाने बऱ्याच देशांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की दरडोई उत्पन्न साधारण ८ ते १० हजार डॉलर होईपर्यंत (हे डॉलर त्या त्या देशातल्या महागाईचा हिशोब लावून काढलेले, साध्या एक्सचेंज रेटचे नाहीत) बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण चढत राहतं आणि त्यानंतर कुठे ते उतरायला लागतं. आलेख काढला तर मध्ये उंचवटा दिसतो म्हणून याला मायग्रेशन हंप म्हणतात. कल्पना तशी जुनीच, विल्बर झेलिन्स्की या भूगोलतज्ज्ञाने १९७१ मध्येच साधारण अशी मांडणी करून ठेवली होती.

कारण समजायला अवघड नाहीये. परदेशी जायला पैसा लागतो, कागदपत्रं लागतात, ओळखी लागतात, आणि मुळात तिकडे काही वेगळं मिळू शकतं हे माहीत असावं लागतं. हाइन दे हास हे अभ्यासक याची फोड आकांक्षा आणि क्षमता अशी करतात. विकास व्हायला लागला की सुरुवातीला दोन्ही एकदम वाढतात, शिकलेल्या मुलीला तिथलं आहे ते काम नको वाटतं आणि आता निघायची ऐपतही असते. सगळ्यात गरीब जे असतात ते बऱ्याचदा निघूच शकत नाहीत, निघाले तरी जवळपासच कुठेतरी जातात. ई. जी. रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे बघून लिहिलंच होतं की बहुतेक माणसं थोड्याच अंतरावर जातात, आणि लोकांचा एक प्रवाह एकीकडे निघाला की उलट दिशेने दुसरा एक छोटा प्रवाह चालूच असतो.

पण मास्टर्सची खरी सुरुवात इथून पुढे होते. कारण लगेच प्रश्न येतो की आज गरीब, मध्यम आणि श्रीमंत असे वेगवेगळे देश एका रांगेत लावले आणि उंचवटा दिसला, तर याचा अर्थ एकच देश तीस-चाळीस वर्षांत त्याच वाटेने जाईल असा होतो का? काही संशोधक म्हणतात नाही होत, एकाच देशाचा काळानुसार पाठलाग केला तर चित्र इतकं स्वच्छ राहत नाही. म्हणजे आत्ताच ज्या आलेखाने तुमचा जुना समज मोडला, त्याच आलेखावर शंका घ्यायला शिकायचं. हे ज्याला आवडतं त्याला हा विषय आवडतो, ज्याला एकदाचं उत्तर हवं असतं तो पहिल्या सेमिस्टरलाच वैतागतो.

विषयाची ढोबळ रचना सांगायची तर दोन बाण आहेत. एक बाण विकासाकडून स्थलांतराकडे, तो वर आला. दुसरा स्थलांतराकडून विकासाकडे, म्हणजे लोक गेल्यामुळे मागच्या देशाचं, पोचलेल्या देशाचं आणि स्वतः त्या लोकांचं काय होतं. ऑक्सफर्ड, ससेक्स, सोआस अशा विद्यापीठांत या विषयाचा बऱ्याच वर्षांचा अभ्यास आहे. कुठेही गेलात तरी अर्थशास्त्र, भूगोल, मानववंशशास्त्र, कायदा, राज्यशास्त्र असं सगळं एकत्र येतं. त्यामुळे वर्गात एक जण रिग्रेशनचे टेबल (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे आकड्यांत मांडणारे) वाचतोय आणि शेजारची मुलाखतींचे ट्रान्सक्रिप्ट वाचतेय, आणि दोघांना एकमेकांचं ऐकून घ्यावं लागतं. मला विचाराल तर निम्मं शिक्षण या ऐकून घेण्यातच होतं.

दुसऱ्या बाणाबद्दल अभ्यासकांचं मत गेल्या सत्तर वर्षांत चांगलंच हेलकावलंय. १९५४ मध्ये आर्थर लुईस यांनी मांडलं की शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेली असतात, ती उद्योगांकडे सरकली की देश पुढे जातो, म्हणजे माणसं हलणं चांगलंच. मग १९७० मध्ये हॅरिस आणि टोडारो यांनी एक कोडं सोडवलं, शहरात एवढी बेकारी दिसत असताना लोक शहरात येतातच कसे? त्यांचं उत्तर असं की माणूस आजचा पगार नाही, मिळू शकेल तो पगार आणि तो मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार बघतो. नोकरी मिळायची शक्यता निम्मी असली आणि पगार तिप्पट असला तर जाणं फायद्याचंच ठरतं, आणि त्यातून असं विचित्र निघतं की शहरात नोकऱ्या वाढवल्या तर त्या आशेने आणखी लोक येतात आणि बेकारी कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकते.

सत्तरच्या दशकात वारं फिरलं. शिकलेली माणसं जातात, गावं रिकामी होतात, आलेला पैसा नुसता खाण्यापिण्यात आणि घरं बांधण्यात जातो, असा सूर लागला. जगदीश भगवती यांनी तर याच काळात बाहेर गेलेल्या उच्चशिक्षितांच्या कमाईवर कर लावून तो मूळ देशासाठी वापरायची कल्पना मांडली. मग १९८५ मध्ये ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी एक साधी पण मोठी गोष्ट बदलली, त्यांनी एकट्या माणसाऐवजी कुटुंबाकडे बघितलं. शेतीचा विमा नाही, बँक कर्ज देत नाही, तर घरातला एक जण दुसरीकडे पाठवणं हाच त्या घराचा विमा आणि हीच त्यांची बँक, पाऊस पडला नाही तरी तिकडून पैसे येतात. पगारात फार फरक नसला तरी लोक का जातात हे यातून कळतं. अर्थात कुटुंब म्हणजे एकमताने निर्णय घेणारी कमिटी नसते, कोण जाणार आणि कोण राहणार हे घरात कुणाचं चालतं त्यावर ठरतं. स्त्रीवादी अभ्यासकांनी या थिअरीला बरोबर इथेच पकडलं.

आणि मग आले रेमिटन्स, म्हणजे बाहेर गेलेल्यांनी घरी पाठवलेले पैसे. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या एका अहवालात दिलीप राथा यांनी दाखवलं की हे पैसे विकसनशील देशांसाठी मोठा आणि भरवशाचा स्रोत आहेत, आणि त्यानंतर सगळ्यांचे डोळे विस्फारले. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत यावर उच्चस्तरीय चर्चा झाली, २००७ मध्ये ब्रुसेल्सला ग्लोबल फोरम, म्हणजे सरकारांनी या विषयावर एकत्र बसून बोलायची बैठक, सुरू झाला, पुढे २०१८ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये ग्लोबल कॉम्पॅक्ट हा स्थलांतरावरचा आंतरराष्ट्रीय करारनामा स्वीकारला गेला. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असे ६८५ अब्ज डॉलर आले, त्यात भारतात सुमारे १२९ अब्ज आणि मेक्सिकोत ६८ अब्ज. परदेशी सरकारांची मदत यापुढे फारच लहान दिसते. ताजिकिस्तान, टोंगा, नेपाळ अशा देशांत तर हा पैसा जीडीपीच्या पाव हिश्श्याइतका किंवा त्याहून जास्त भरतो.

एवढे आकडे बघून कुणीही हुरळेल, म्हणून इथे थोडं थांबायला पाहिजे.

पहिली गोष्ट, हा पैसा मदत नाहीये, पगार आहे. कुणीतरी राबून स्वतःच्या घरी पाठवलेला खासगी पैसा, तो सरकारने विकास निधी असल्यासारखा मोजायचा आणि शाळा-दवाखान्यांची जबाबदारी हळूच त्याच्यावर ढकलायची, हे कितपत बरोबर? मेक्सिकोने यात एक मधला मार्ग काढलेला, थ्री फॉर वन नावाचा. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या मंडळांनी गावातल्या कामासाठी एक डॉलर दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालायचे. झाकातेकास राज्यात याची सुरुवात झाली आणि नंतर २००२ च्या सुमारास ती देशभर नेली. ऐकायला मस्त, पण विचार करा, ज्या गावातून अमेरिकेत कुणी गेलेलंच नाही त्या गावाला सरकारचे ते तीन डॉलर मिळायचे कसे? आणि सगळ्यात गरीब गावं कधीकधी हीच असतात.

दुसरी गोष्ट पैसे पाठवायच्या खर्चाची. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलंय, जगाची सरासरी अजून ६ टक्क्यांच्या वर आहे. कोरडा मुद्दा वाटतो, पण ६८५ अब्जांचे तीन टक्के काढून बघा.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मजेची, पैसा कशावर खर्च होतो ती. जुन्या लेखांत घर बांधणं म्हणजे अनुत्पादक खर्च असं सरसकट लिहिलेलं सापडतं. पण घर बांधलं की गवंडी, सुतार, वाळूवाला यांना काम मिळतं की, तो पैसा गावात फिरतो. आणि ज्याच्या घरात कायम गळतं त्याच्यासाठी पक्कं घर हाच विकास नाही का, हे कोण ठरवणार? शिवाय नुसता पैसा येत नाही, त्याच्याबरोबर विचार, सवयी, अपेक्षा पण येतात, समाजशास्त्रज्ञ पेगी लेविट यांनी १९९८ मध्ये याला सोशल रेमिटन्स असं नाव दिलं.

आता थोडं मेथड्सबद्दल, कारण पदवीच्या आणि मास्टर्सच्या अभ्यासातला खरा फरक इथे आहे. समजा तुम्ही म्हणालात की ज्या घरातलं कुणी बाहेर आहे त्या घरातली मुलं जास्त शिकतात. बरं, पण ती घरं आधीपासूनच जास्त धडपडी किंवा जरा बरी परिस्थिती असलेली असतील तर? मग शिक्षण स्थलांतरामुळे वाढलं की धडपडीमुळे? जो गेला तो गेलाच नसता तर काय झालं असतं हे आपल्याला कधीच दिसत नाही, आणि सगळी मारामारी त्या न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधण्याची.

यावरचं एक सुंदर उदाहरण टोंगाचं. न्यूझीलंड दरवर्षी टोंगातल्या ठराविक लोकांना कायम राहायला घेतं आणि अर्ज जास्त आले की सोडत काढतं. म्हणजे जिंकणारे आणि हरणारे यांच्यात फरक फक्त नशिबाचा, दोघांनाही जायचंच होतं. डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन आणि स्टीव्हन स्टिलमन यांनी या दोन गटांची तुलना केली तेव्हा गेलेल्यांचं उत्पन्न पहिल्या वर्षभरात सुमारे २६३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आणि त्यांनी हेही दाखवलं की सोडतीचा आधार न घेता नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे गेलेल्यांची तुलना अर्जच न केलेल्यांशी करून हिशोब केला तर बहुतेक पद्धती फायदा वाढवून सांगतात. म्हणजे आधीचे कितीतरी अभ्यास फुगलेले असू शकतात.

दुसरं असंच डीन यांग यांचं फिलिपिन्सबद्दलचं काम. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात फिलिपिन्सचा पेसो कोसळला, पण कामगार वेगवेगळ्या देशांत विखुरलेले होते आणि त्या प्रत्येक देशाचं चलन पेसोच्या तुलनेत वेगवेगळं वधारलं किंवा पडलं. त्यामुळे कुणाच्या घरी अचानक जास्त पेसो पोचायला लागले, कुणाच्या घरी नाही, आणि यात त्या घरांचं कर्तृत्व काहीच नव्हतं. जिथे जास्त पोचले तिथे मुलं शाळेत जास्त गेली, बालमजुरी कमी झाली, काहींनी धंद्यात पैसा घातला. असा नैसर्गिक प्रयोग शोधून काढायला डोकं लागतं, सॉफ्टवेअर नंतर.

पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही. मुलांच्या शाळेचा आकडा वाढला हे कळतं, आई दुसऱ्या देशात दुसऱ्याची मुलं सांभाळतेय आणि तिची स्वतःची मुलं आजी किंवा मावशी सांभाळतेय, यात त्या सगळ्यांचं काय होतं हे त्या कॉलममध्ये येत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी याला ग्लोबल केअर चेन, म्हणजे देशोदेशी पसरलेली सांभाळण्याची साखळी, म्हटलं. त्यासाठी बसून बोलावं लागतं, शक्यतो दोन्ही टोकांना जाऊन.

ब्रेन ड्रेनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर सगळ्यांची मतं आधीच पक्की असतात. डॉक्टर-नर्स गेले की दवाखान्यात माणूस कमी पडतो हे खरंच आहे, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये अशा भरतीसाठी आचारसंहिता आणली. पण बाहेर जायची संधी दिसते म्हणूनही बरेच जण नर्सिंग शिकतात, आणि शिकलेले सगळे काही जात नाहीत. नक्त हिशोब देशागणिक बदलतो, लहान देशांना आणि जिथून खूप मोठ्या प्रमाणात जातात त्यांना फटका जास्त बसतो.

मला या विषयात सगळ्यात जास्त खिळवून ठेवतात ती धोरणांची उलटी फळं. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कीशी करार करून कामगार बोलावले, पाहुणे कामगार म्हणून, काम झालं की जातील या हिशोबाने. १९७३ मध्ये तेलाच्या संकटाच्या वेळी भरती बंद केली. आता परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे कळल्यावर बऱ्याच जणांनी काय केलं, तर ते राहिले आणि बायकापोरांना बोलावून घेतलं. सुरिनाम १९७५ मध्ये नेदरलँड्सपासून स्वतंत्र झालं, आणि आता दार बंद होणार या भीतीने लोकसंख्येचा प्रचंड मोठा भाग त्या आसपासच्या वर्षांत तिकडे निघून गेला. अमेरिकेत ब्रासेरो योजना १९४२ ते १९६४ चालली, मेक्सिकन मजूर हंगामाला यायचे आणि जायचे. योजना बंद झाली, शेतांना मजूर लागतच होते, तेच लोक आता विनाकागद यायला लागले. नंतर सीमेवर पहारा कडक झाल्यावर ये-जा महाग आणि धोक्याची झाली म्हणून परत जाणं कमी झालं, समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी मेक्सिकन मायग्रेशन प्रोजेक्ट या मेक्सिकन कुटुंबांच्या पाहणीच्या आकड्यांवरून हे वर्षानुवर्षं मांडलंय.

एवढं सगळं माहीत असून २०१५ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटा शिखर परिषदेत युरोपियन युनियनने आफ्रिकेसाठी ट्रस्ट फंड काढला, अनियमित स्थलांतराची मूळ कारणं दूर करायला. लेखाच्या सुरुवातीला जे वाक्य होतं ना, तेच इथे निधीच्या रूपात. विकासाचा पैसा वाईट असं कुणी म्हणत नाहीये, शाळा झाली तर चांगलंच. पण लोकांना थांबवायचं साधन म्हणून तो वापरला की दोन घोटाळे होतात, एक तर तो त्या कामाला फारसा उपयोगी पडत नाही आणि दुसरं म्हणजे जिथे गरज जास्त त्याऐवजी जिथून लोक येतात किंवा ज्या वाटेने येतात तिथे पैसा वळतो.

चित्र नीट दिसावं म्हणून अजून एक दोन गोष्टी. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगात सुमारे ३० कोटी ४० लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते, म्हणजे लोकसंख्येच्या ३.७ टक्के. बाकी ९६ टक्के आपल्याच देशात आहेत. देशातल्या देशात हललेले त्यापेक्षा कितीतरी जास्त, २००९ च्या मानव विकास अहवालात तो अंदाज ७४ कोटी होता, तरी संशोधनाचा आणि पैशाचा मोठा भाग सीमा ओलांडणाऱ्यांवर, त्यातही श्रीमंत देशांत येणाऱ्यांवर जातो. निर्वासितांचंही तसंच, चारातले जवळपास तीन निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात. आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांचा आकडा मोजतात कसा, तर बहुतेक ठिकाणी जन्माचा देश बघून. त्यामुळे १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा कोट्यवधी लोक घरातून पाऊल न टाकता एका रात्रीत आंतरराष्ट्रीय स्थलांतरित झाले, ते हलले नाहीत, त्यांच्यामधून सीमा गेली. असे आकडे बघितल्यावर प्रत्येक टेबलच्या खालची बारीक अक्षरातली व्याख्या आधी वाचायची सवय लागते.

शेवटी डिझर्टेशन, म्हणजे मास्टर्ससाठी लिहायचा प्रबंध. बहुतेकांची पहिली कल्पना असते की स्थलांतराचा अमुक देशाच्या विकासावर परिणाम. यावर तीन महिन्यांत काही होत नाही, तीस वर्षांतही वाद मिटलेला नाहीये. कुणाचा विकास, कुठल्या पातळीवर आणि किती काळात, एवढे तीन प्रश्न लावले की विषय आपोआप लहान व्हायला लागतो. म्हणजे परतलेल्या बांधकाम मजुरांनी तिकडे शिकलेलं कौशल्य इकडे वापरलं का, किंवा एका देशात काम करणाऱ्या बायका पैसे पाठवायचा मार्ग कसा निवडतात, असं काहीतरी. आकडे स्वतः गोळा करायची गरज नेहमीच नसते, मेक्सिकन मायग्रेशन प्रोजेक्टची माहिती मोफत मिळते, केरळ मायग्रेशन सर्व्हे १९९८ पासून ठराविक वर्षांनी होतोय, जागतिक बँकेचे रेमिटन्सचे आकडे सगळ्यांना खुले आहेत. मुलाखती घेणार असाल तर मात्र विद्यापीठाकडून एथिक्सची परवानगी आधी काढा, आणि ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत अशा लोकांशी बोलणार असाल तर नाव, ठिकाण, कामाची जागा यातलं काय लिहायचंच नाही हे रेकॉर्डर चालू करायच्या आधी ठरवा, कारण एकदा नोंदलं गेलं की ते कुणाच्या हातात जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही.

आणि अॅडमिशन मिळून कोर्स सुरू व्हायला वेळ असेल तर त्या काळात स्टॅटिस्टिक्सची भीती घालवा. थिअरी वर्गात शिकवतातच, पण टोंगाच्या सोडतीचा पेपर समोर आल्यावर त्यातलं टेबल वाचता येत नसेल तर चर्चा नुसती ऐकत बसावं लागतं.